विंचूदंश, वही आणि वारसा

आपल्या समाजातील शैक्षणिक मेळावे, गुणगौरव समारंभ आणि संमेलने यांत एक गोष्ट हमखास घडते. कोणी तरी वक्ता उठतो आणि मुसलमानांनी जगाला काय काय दिले याची यादी वाचू लागतो. इब्न सिनाने वैद्यक दिले, अल-राझीने देवी आणि गोवर वेगळे ओळखले, इब्न रुश्दने युरोपला ॲरिस्टॉटल समजावून सांगितला. टाळ्या पडतात. कार्यक्रम संपतो. त्या रात्री मोहल्ल्यात एखाद्या मुलाला विंचू चावला तर घरचे लोक आधी दवाखान्याची वाट धरतील की दम करणाऱ्याची, हा प्रश्न मात्र त्या सभेत कोणी विचारत नाही.

आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वारसा म्हणजे नावांची यादी नव्हे, ती काम करण्याची एक रीत असते. रीत चालू असेल तर वारसा आहे, नाही तर तो केवळ अभिमान आहे. हे तपासण्यासाठी बगदाद किंवा कुर्तुबापर्यंत जाण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झाले ते नीट पाहिले तरी पुरे आहे.

सावित्रीच्या खोऱ्यातील लाल विंचू

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. या खोऱ्यात कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. एका घरातला मुलगा मुंबईला, दुसरा आखातात आणि म्हातारे आईवडील गावी, हे चित्र इथे पिढ्यान् पिढ्या आहे. घरे दगडमातीची, वर कौले, मागे लाकूडफाटा, पेंढ्याच्या उडव्या. माणसाला लागणारे हे सर्व विंचवालाही सोयीचे असते. पेंढा उचलताना, सरपण काढताना, अंधारात चपलेत पाय घालताना दंश होतो.

मोठ्या काळ्या इंगळीला लोक फार घाबरतात. जीव घेणारा विंचू मात्र आकाराने लहान आणि तांबूस असतो. शास्त्रज्ञ त्याला मेसोबुथस टॅम्युलस म्हणत आले. त्याच्या एका पोटजातीचे शास्त्रीय नावच कोकणावरून ठेवलेले आहे, कोंकानेन्सिस. आपल्या भूमीचे नाव असे विषारी जिवाला मिळावे यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. पण या विंचवाचा अभ्यास करण्याची पहिली जबाबदारी कोणाची, हे त्या नावातच लिहिलेले आहे.

दंश झालेले काही लोक रात्रभर वेदनेने तळमळत आणि सकाळी बरे होत. काहींना मात्र वेदना फारशी नसे. त्यांना उलट्या होत, दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत आणि काही तासांत धाप लागून तोंडाला गुलाबी फेस येई. त्यातली अनेक मुले दगावत. पी. एम. मुंडले यांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी साचण्याच्या प्रकाराची नोंद केली होती. म्हणजे मृत्यू कशाने होतो याचा धागा हाती आलेला होता. उपाय मात्र नव्हता. गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत. निरनिराळी औषधे मिसळून टोचली जात. त्यांतली काही उपयोगाची नव्हती, काहींनी अपायच होत असे.

खेड्यातल्या डॉक्टरची वही

अशा काळात, १९७६ साली, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. जन्म आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचा, घर गरीब शेतकऱ्याचे, वैद्यकीय शिक्षण नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात. पुढे त्यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम. डी. केले. ही पदवी हाती आल्यावर माणूस सहसा शहरात दवाखाना थाटतो. ते परत याच भागात आले, पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात काम केले आणि नंतर महाडला स्थायिक झाले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्या अनेक संशोधन लेखांच्या सहलेखिका आहेत. ज्यांना हा प्रवास सविस्तर वाचायचा असेल त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन पाहावे.

बिरवाडीत प्रयोगशाळा नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता, ग्रंथालय नव्हते. होते ते रुग्ण, डोळे आणि वही. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. दंशानंतर किती वेळाने उलटी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, कोण वाचला आणि कोण गेला. अशा नोंदींतून एक सूत्र हाती आले. उलटी, भरपूर घाम, गार हातपाय, पुरुष रुग्णांत इंद्रियाला येणारा ताठरपणा ही लक्षणे दिसली की पुढे हृदयाला धोका संभवतो. म्हणजे मृत्यू येण्याआधी खूण देत होता. ती खूण वाचणारा हवा होता. हे निरीक्षण १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या साप्ताहिकात छापून आले. जगभरचे डॉक्टर जे नियतकालिक प्रमाण मानतात, त्यात रायगडच्या एका खेड्यातील अनुभव शास्त्र म्हणून दाखल झाला.

आता औषधाचा प्रश्न. विंचवाचे विष मज्जातंतूंना नको इतके चेतवते. शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसात पाणी उतरते. दुखणे असे समजले की उपायाची दिशाही समजते. आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या करणारे काही तरी हवे. प्राझोसिन हे रक्तदाबासाठी वापरले जाणारे साधे, तोंडाने घेण्याचे, स्वस्त औषध नेमके हेच करते. बावस्करांनी ते विंचूदंशात वापरले आणि त्याचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध वेळेवर मिळू लागल्यावर गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते एक टक्क्यापर्यंत खाली आले. भारत सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली. त्याच्या कितीतरी आधीपासून या खोऱ्यातली मुले त्या गोळीमुळे शाळेत जात होती.

हीच रीत आपल्या ग्रंथांत

आता आपल्या आवडत्या नावांकडे वळू. अल-राझी (मृत्यू इ. स. ९२५) रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचा प्रमुख होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या टिपणांतून ‘किताब अल-हावी’ हा अवाढव्य ग्रंथ सिद्ध झाला. त्यात ग्रीक, सुरयानी, भारतीय वैद्यांची मते आहेत आणि त्यांच्या शेजारी राझीची स्वतःची निरीक्षणे आहेत. मेंदूच्या आवरणाच्या दाहाबद्दल लिहिताना तो सांगतो की एका गटाचे आपण रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही, म्हणजे तुलना करता यावी. रक्त काढल्याने गुण येतो हा त्याचा निष्कर्ष आज कोणी मानत नाही. पण दोन गट शेजारी ठेवून पाहण्याची रीत आजही मानली जाते. त्याच राझीने जालिनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गेलन, याच्या चुका दाखवणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपण ज्याला गुरू मानतो त्याच्याबद्दल शंका घेणे म्हणजे बेअदबी नव्हे, हे त्याला कळत होते.

इब्न सिनाच्या (९८०–१०३७) ‘अल-कानून’च्या दुसऱ्या भागात औषधाची परीक्षा कशी करावी याचे सात नियम आहेत. औषध भेसळीविना शुद्ध असावे. रोग एकच असावा, अनेक रोगांची सरमिसळ नसावी. परस्परविरुद्ध रोगांवर ते वापरून पाहावे. औषधाचे बळ रोगाच्या बळाला जुळते असावे. परिणाम केव्हा होतो ती वेळ पाहावी. परिणाम पुन्हा पुन्हा, बहुतेक रुग्णांत दिसला पाहिजे, एकदा दिसला तर तो योगायोग समजावा. आणि शेवटी परीक्षा माणसावरच झाली पाहिजे, कारण घोड्याला किंवा सिंहाला जे लागू पडते ते माणसाला पडेलच असे नाही. यातील सहावा नियम आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. ‘आमच्या अमुक चाचांना तमुक बाबांच्या पाण्याने गुण आला’ या वाक्याला हजार वर्षांपूर्वी इब्न सिनाने दिलेले ते उत्तर आहे.

तिसरे नाव इब्न अल-नफीसचे. दमास्कसकडचा हा हकीम काहिरात १२८८ साली वारला. तो फिकह शिकवत असे, तत्त्वज्ञानावर लिहीत असे आणि वैद्यकीही करीत असे. ‘कानून’मधील शरीररचनेवर १२४२ साली लिहिलेल्या टीकाग्रंथात त्याने गेलनचे आणि खुद्द इब्न सिनाचेही मत खोडून काढले. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्रे नाहीत. उजवीकडचे रक्त फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते, असे त्याने मांडले. विंचूदंशात माणूस मरतो तो याच वाटेवर रक्त अडल्याने. सावित्रीच्या खोऱ्यातल्या मुलाच्या छातीत जे घडते, त्याची वाट काहिरातल्या एका फकीहाने सातशेहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर रेखाटली होती.

हा ग्रंथ मात्र आपण विसरलो. १९२४ साली मुह्युद्दीन अल-ततावी या जर्मनीत शिकणाऱ्या इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित आढळले, तेव्हा जगाला ही गोष्ट नव्याने कळली. ग्रंथ सांभाळून ठेवणे पुरेसे नसते, तो वाचून पुढे न्यावा लागतो. नाही तर आपला वारसा दुसऱ्याच्या कपाटात धूळ खात पडतो.

प्रयोगशाळेची बाजू

रुग्णाच्या उशाशी केलेली नोंद हे काम अर्धेच. उरलेले अर्धे प्रयोगशाळेत होते. कोकणातल्या या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी आयबेरिओटॉक्सिन नावाचा एक रेणू वेगळा काढला. पेशीच्या आवरणातले पोटॅशियमचे एक विशिष्ट दार तो बंद करतो. त्यामुळे ते दार कोठे कोठे आहे आणि काय करते हे तपासण्याचे साधन म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरला जातो. जो विंचू इथे मुलांचे प्राण घेत होता, त्याचेच विष रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचे काम समजून घेण्याच्या कामी आले.

दुसरी वाट मुंबईच्या परळची. विंचवाचे विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचून, त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून प्रतिविष बनवतात. हे प्रतिविष हाफकिन महामंडळाने तयार केले. हाफकिन हे नाव आपल्या समाजाला परके वाटू नये. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा यहुदी शास्त्रज्ञ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लस घ्यायला भीत होते. अफवांना ऊत आला होता. त्या वेळी विशीतही न आलेले सर सुलतान मोहम्मद शाह आगाखान पुढे आले. त्यांनी आपली ‘खुश्रू लॉज’ ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली, लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि खोजा जमातीतील हजारोंनी त्यांच्या मागोमाग टोचून घेतली. १८९९ साली ती प्रयोगशाळा परळला गेली आणि १९२५ साली तिला हाफकिनचे नाव मिळाले. जमातीचा पुढारी आपला शब्द विज्ञानाच्या पारड्यात टाकतो तेव्हा काय घडते, याचे हे आपल्याच प्रांतातले उदाहरण आहे.

यहुदी हाफकिन आणि मुसलमान आगाखान ही जोडी नवी नाही. सुलतान सलाहुद्दीनचा वजीर अल-काझी अल-फाझिल याच्या सांगण्यावरून मूसा बिन मैमून या यहुदी हकीमाने इ. स. ११९८ च्या सुमारास विषे आणि त्यांवरील उतारे यांवर अरबीत एक पुस्तिका लिहिली. साप-विंचू चावल्यावर हकीम येईपर्यंत सामान्य माणसाने काय करावे, हे सांगण्याचा तिचा हेतू होता. तिच्यातले बरेच उपाय आज त्याज्य ठरले आहेत. चावलेल्या जागी चिरा देणे, चोखणे, करकचून बांधणे हे आज करू नये. पण रोगी दारात येण्याआधीचे तास मोलाचे आहेत हे त्या वजिराला समजले होते.

प्रतिविष हाती आल्यावर पुढचा प्रश्न होता, प्राझोसिनला त्याची जोड दिल्यास फायदा होतो का? बावस्करांनी महाडमध्ये सत्तर रुग्णांवर हे तपासले. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोडले. पस्तीस जणांना केवळ प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. उपयुक्त ठरलेल्या औषधापासून कोणालाच वंचित ठेवले नव्हते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात आठ होते, दुसऱ्यात बत्तीस. बरे होण्यास सरासरी सुमारे अठरा तास लागत, तेथे आठ तास पुरले. २०११ साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले गेले. राझीने जे दोन गट शेजारी ठेवले होते, तेच इथे अधिक काटेकोर होऊन आले. बावस्करांनी राझी वाचला होता की नाही, हा मुद्दा गौण आहे. रीतीला जातधर्म नसतो. जो ती पाळतो, त्याची ती होते.

कारण आणि तकदीर

आपल्याकडे अशा चर्चेत एक वाक्य शेवटी येतेच. ‘मौत लिखी थी, कौन टाल सकता है?’ या वाक्यामागे श्रद्धा असते, तिचा आम्ही आदर करतो. पण ते कधी उच्चारले जाते ते पाहावे. मूल गेल्यावर आईला धीर देण्यासाठी ते योग्य आहे. मूल जिवंत असताना गाडी न काढण्यासाठी ते वापरले गेले तर तो तकदीरचाही अपमान आहे.

हा वाद जुना आहे. इमाम गझालींनी १०९५ च्या सुमारास ‘तहाफुतुल फलासिफा’त विचारले की कापूस विस्तवाजवळ नेला की जळतो, पण विस्तवानेच जळतो याला पुरावा काय? खरा कर्ता अल्लाह आहे. सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी इब्न रुश्दने त्याला उत्तर दिले. कारण आणि कार्य यांचे नाते नाकारले तर ज्ञानच शिल्लक राहत नाही, अशी त्याची भूमिका. इब्न रुश्द काझी होता, हकीम होता आणि वैद्यकाची मूलतत्त्वे सांगणाऱ्या ‘कुल्लियात’चा लेखकही होता. रोग्याची नाडी पाहणाऱ्या माणसाला कारण नाकारणे परवडत नाही.

गझालींचे नाव घेऊन बुद्धीला कुलूप लावणाऱ्यांनी मात्र त्यांचा दुसरा ग्रंथही उघडावा. ‘इह्या’मध्ये गझालींनी वैद्यकाला फर्ज-ए-किफाया म्हटले आहे. म्हणजे वस्तीत कोणीच ते शिकले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. सगळे विद्यार्थी फिकहच्या मागे धावतात आणि कित्येक गावांत मुसलमान हकीम सापडत नाही, अशी तक्रारही त्यांनी तिथेच केली आहे. म्हणजे विस्तव आणि कापसाच्या वादात एकमेकांविरुद्ध उभे असलेले हे दोघे रुग्णाच्या दारात आले की एकाच बाजूला उभे राहतात. प्रत्येक दुखण्यावर इलाज ठेवला आहे या अर्थाची हदीस आपण सर्व जाणतो. इलाज ठेवला असेल तर तो शोधणे आणि वेळेवर घेणे हेही आलेच.

आपल्यापुढचे काम

आम्ही दुआच्या विरोधात नाही. दुआ गाडीत बसूनही मागता येते. विंचूदंशात पहिले काही तास निर्णायक असतात. उलटी, घाम आणि गार हातपाय या तीन खुणा मोहल्ल्यातल्या प्रत्येक आईला पाठ असाव्यात. जुम्याच्या खुत्ब्याआधी दोन मिनिटे इमामसाहेबांनी हे सांगितले तर एखाद्या घरचा दिवा विझायचा वाचेल. मशिदीच्या आवारात जवळच्या रुग्णालयाचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहिलेला असावा. जमातीच्या निधीतून रात्री-अपरात्री गाडी मिळण्याची सोय व्हावी. दम करणाऱ्या बुजुर्गांनीच आलेल्या माणसाला आधी दवाखान्यात पाठवले तर त्यांचा मान घटणार नाही, वाढेल.

दुसरे काम लांब पल्ल्याचे आहे. कोकणातील आपली मुलेमुली आता डॉक्टर होत आहेत, मुली तर अधिक जिद्दीने. त्यांच्या सत्कारात इब्न सिनाची तसबीर देण्याबरोबर एक कोरी वहीही द्यावी. जेथे काम कराल तेथले दुखणे नोंदवा, मोजा, लिहा, छापा, असे सांगावे. दर्से-निझामीत एके काळी मंतिक आणि हिकमत हे विषय गंभीरपणे शिकवले जात. मदरशातील मुलाला आज त्याच धाग्याने जीवशास्त्राशी जोडता येईल. आणि महाविद्यालयातील मुलाला हे कळावे की राझी आणि इब्न नफीस त्याच्याच पाठ्यपुस्तकाचे पूर्वज आहेत.

राझीने स्वतःच्या गुरूला तपासले, इब्न नफीसने इब्न सिनाला तपासले, बिरवाडीच्या डॉक्टरने पाठ्यपुस्तकातील उपचारांना तपासले. ही एकच साखळी आहे. तिच्यात जागा कोणासाठी राखीव नाही आणि कोणाला बंदही नाही. सावित्रीच्या काठी राहणाऱ्या आपल्यापैकी कोणी तिच्यात पुढची कडी जोडली, तर त्या दिवशी इब्न सिनाचे नाव सभेत घेण्याचा आपला हक्क खरा ठरेल.